ठेकेदार निवडताना आर्किटेक्ट हवाच कशाला?

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत मोठ्या दुरुस्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. “आर्किटेक्टनं नकाशे काढावेत, अंदाजपत्रक द्यावं. ठेकेदार कोण घ्यायचा ते आमचं आम्ही बघू.” सभा माना डोलावते, सेक्रेटरी ठराव लिहून घेतात आणि विषय पुढे सरकतो. स्वतःचा बंगला बांधणारेही थोड्याफार फरकानं हेच म्हणतात. हा पक्ष अगदीच टाकाऊ नाही. म्हणून तो आधी नीट मांडू.

पैसे सोसायटीचे, इमारत सोसायटीची, तेव्हा निवडही सोसायटीचीच. निविदा बंद पाकिटांत मागवायच्या, पाकिटं सगळ्यांसमोर फोडायची आणि ज्याचा आकडा सर्वांत खाली त्याला काम द्यायचं. यात तज्ज्ञ कशाला लागतो? आकडे चौथीतल्या मुलालाही चढत्या क्रमानं लावता येतात. शिवाय तज्ज्ञ मध्ये आला की त्याच्या ओळखीचा ठेकेदार येतो आणि त्यामागोमाग टक्केवारी येते. सरकारसुद्धा ‘एल-वन’ म्हणजे सर्वांत कमी दरवाल्यालाच काम देतं. मग आपण काय सरकारपेक्षा शहाणे?

पहिला मुद्दा आकड्याचा. निविदेच्या तळाशी असते ती बेरीज, आणि बेरीज कशाची आहे हे पाहिल्याशिवाय ती लहान की मोठी हे ठरत नाही. एकानं गिलाव्याचा दर चौरस फुटाला ९५ रुपये दिला, दुसऱ्यानं १०५. स्वस्त कोण? मोजणी कशी करणार हे लिहिलेलं नसेल तर या प्रश्नाला उत्तरच नाही. भारतीय मानक १२०० च्या १२व्या भागात गिलावा कसा मोजायचा ते ठरवून दिलं आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंतचं एकाच बाजूनं वजा करायचं, त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करून आतल्या कडा मोजायच्या. कराराच्या कागदावर या मानकाचा उल्लेख नसला की ठेकेदार खिडक्या-दारांसकट सरसकट भिंत मोजतो, आणि बिल आल्यावर वाद घालायला आपल्या हातात काही उरत नाही. हजार फुटांच्या भिंतीत वजा होण्याजोगी दोनशे फुटांची भोकं धरा. सरसकट मोजणाऱ्या ९५ रुपयेवाल्याचं बिल ९५,००० होतं, भोकं वजा करणाऱ्या १०५ रुपयेवाल्याचं ८४,०००. सभेनं टाळ्या वाजवून निवडलेला ‘कमी दर’ तो हा.

ही झाली साधी गफलत. खरा खेळ जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत चालतो, कारण तिथं कुठलं काम किती निघेल हे आधी कुणालाच पक्कं सांगता येत नाही. बाहेरून प्लास्टर ठोकून बघतात, पोकळ वाजतं तिथं खूण करतात आणि त्यावरून पॉलिमर मॉर्टरचं क्षेत्रफळ अंदाजानं लिहितात. परांची चढून प्लास्टर उडवल्यावर आतल्या सळया दिसतात, आणि गंज कुठवर गेला आहे ते तेव्हा कळतं. मुरलेल्या ठेकेदाराला यातली कुठली बाब फुगणार याचा वास निविदा भरतानाच आलेला असतो.

नमुन्यादाखल एक हिशोब मांडतो. परिमाणपत्रकात बाबी तीनच धरू: बाहेरचा गिलावा २०,००० चौरस फूट, पॉलिमर मॉर्टर २,००० चौरस फूट, रंगकाम ४०,००० चौरस फूट. ‘क’ ठेकेदाराचे दर अनुक्रमे ८८, ४२० आणि २१ रुपये. ‘ख’चे १०५, २६० आणि २४. ‘क’ची बेरीज ३४ लाख ४० हजार, ‘ख’ची ३५ लाख ८० हजार. ‘क’ १ लाख ४० हजारांनी खाली, म्हणजे एल-वन. काम सुरू होतं, प्लास्टर उडतं आणि पॉलिमर मॉर्टर २,००० ऐवजी ५,००० फूट निघतं. आता ‘क’चं बिल ४७ लाख. ‘ख’ला काम दिलं असतं तर ते ४३ लाख ६० हजार झालं असतं. यात ‘क’नं कुठलाही नियम मोडलेला नाही. हमखास होणाऱ्या कामांचे दर त्यानं उतरवले, वाढणाऱ्या कामाचा चढवला आणि पाकीट बंद केलं.

या तक्त्यात आर्किटेक्टनं करायचं काम पाच मिनिटांचं आहे, पण ते त्यालाच सुचतं. मॉर्टरच्या दोन दरांत १६० रुपयांचा फरक आहे, आणि १ लाख ४० हजारांना १६० नं भागलं की ८७५ येतात. मॉर्टरचं काम अंदाजापेक्षा ८७५ फुटांहून जास्त वाढलं की ‘क’ महाग पडणार. इमारत पस्तीस वर्षांची, समुद्राकडची बाजू पूर्ण उघडी, संडासांच्या नळ्यांना गळती. अशा ठिकाणी मॉर्टर ८७५ फुटांनी वाढेल की नाही, हा प्रश्न मग सभेसमोर ठेवता येतो. त्याचं उत्तर चौथीतला मुलगा देऊ शकत नाही. चार्टर्ड अकाउंटंट खजिनदारही देऊ शकत नाही. भागाकार त्यांना जमेल, पण भागायचं कशाला हे इमारत वाचता येणाऱ्यालाच कळतं.

सरकारी दाखला मात्र लवकर आटोपता येईल. तो देणाऱ्यांनी सरकार अलीकडे काय म्हणतं ते वाचलेलं नसतं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी, गुणवत्ता महत्त्वाची म्हणून जाहीर केलेल्या बांधकामांना दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा दिली. हे बिगर-आर्थिक गुण ३० टक्क्यांपर्यंत असू शकतात. त्याच्याही कितीतरी आधी, डिसेंबर १९९८ मध्ये, खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या कामावरून उठलेल्या रौनक इंटरनॅशनलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निविदा देताना दरापलीकडे काय काय पाहिलं जातं त्याची यादीच दिली. अनुभव, आर्थिक ताकद, कामाचा दर्जा, वेळेत पुरं करण्याची क्षमता हे सगळं तिच्यात आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागातही दरसूचीच्या फार ‘बिलो’ जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतात. वाजवीपेक्षा कमी दर हा धोका आहे, असं सरकारी खात्यालाच वाटतं, त्याचं हे चिन्ह. आणि सरकारी एल-वनच्या मागे कार्यकारी अभियंता, मोजमाप पुस्तिका, दक्षता पथक, लेखापरीक्षण असा लवाजमा उभा असतो. सोसायटीकडे काय असतं? एक हौशी सदस्य, निवृत्त, सकाळी फिरायला जाताना साइटवर डोकावणारा. लवाजमा घ्यायचा नाही, फक्त एल-वन तेवढा उचलायचा, ही नक्कल अर्धीच आहे.

सोसायट्यांसाठी राज्य सरकारनं काढलेले नियम तर उलट्याच दिशेला जातात. पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली आधी ३ जानेवारी २००९ ला आणि मग सुधारून ४ जुलै २०१९ ला जे निर्देश निघाले, त्यांत आधी आर्किटेक्ट किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा, त्याचा अहवाल घ्यायचा आणि मग निविदा काढायच्या असा क्रम आहे. हा क्रम विकासक निवडण्यासाठी सांगितला आहे, दुरुस्तीचा ठेकेदार निवडण्यासाठी नव्हे, हे खरं. पण अडचण दोन्हीकडे एकच. एका बाजूला पन्नास कुटुंबं, आयुष्यात एकदा हा व्यवहार करणारी. दुसऱ्या बाजूला तोच व्यवहार महिन्यात चारदा करणारा माणूस.

आता टक्केवारीचा आक्षेप. हा पूर्वपक्षातला सगळ्यांत सकस मुद्दा आहे आणि आर्किटेक्ट मंडळी तो कानाआड करतात, याची मला चीड येते. कमिशन घेणारे आर्किटेक्ट नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एखाद्या टाइल्सच्या दुकानदाराशी चहा प्यावा. रोग खरा आहे. पण आर्किटेक्टला बाहेर काढलं की रोग जातो का? जागा रिकामी राहत नाही. तिथं कमिटीतल्या एखाद्याचा मेहुणा येतो, वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचा विक्रेता ‘कन्सल्टंट’ होऊन येतो, किंवा तीन कोटेशनचं नाटक होतं. तीन लेटरहेड, तीन पत्ते, आणि तिन्हींत ‘प्लॅस्टर’ शब्दाचं एकच चुकीचं स्पेलिंग. यांच्यापैकी कुणावर कसलं बंधन आहे?

आर्किटेक्टवर आहे. वास्तुविशारद कायदा १९७२ चा, आणि त्याखालच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तणूक नियमांनुसार आर्किटेक्टला काम मिळवून देण्याबद्दल कमिशन, सवलत, भेट घेता किंवा देता येत नाही. हितसंबंध असेल तर तो ग्राहकाला सांगावा लागतो. तक्रार सिद्ध झाली तर वास्तुकला परिषद त्याचं नाव नोंदवहीतून काढू शकते. म्हणून सोसायटीनं पहिल्याच बैठकीत नोंदणी क्रमांक मागावा. ‘कन्सल्टंट’ एवढ्याच पाटीवर काम करणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. फीचीही गोष्ट तशीच. कामाच्या अंतिम खर्चावर टक्क्यांनी फी ठरवली तर बिल फुगण्यात आर्किटेक्टचा फायदा असतो, आणि मग त्याच्या सल्ल्यावर शंका घेणारा सदस्य चूक ठरत नाही. फी मंजूर अंदाजपत्रकावर बांधून टाका, किंवा ठोक रक्कम ठरवा. निविदा तपासण्याचे पैसे वेगळे लिहा आणि कुणालाही काम मिळालं तरी तेवढेच द्या. हे न करता ‘आर्किटेक्ट पैसे खातात’ म्हणत बसणं सोपं आहे.

इथवर वाचून आर्किटेक्ट मित्र खूश झाले असतील, म्हणून दुसरा पूर्वपक्षही घेतो. तो त्यांचा आहे. “ठेकेदार आम्हीच निवडणार. आमची टीम ठरलेली आहे. दुसरा कुणी आणला तर दर्जाची जबाबदारी आमची नाही.” हे ऐकायला बाणेदार वाटतं, पण ते चुकीचं आहे. करार सोसायटी आणि ठेकेदार यांच्यात होतो; पैसे बुडाले तर सोसायटीचे बुडतात. निवडीचा हक्क ज्याचे पैसे त्याचाच. आर्किटेक्टचं काम निवड करण्याचं नव्हे, निवड करता येईल अशी स्थिती आणण्याचं. ‘ठरलेल्या टीम’चं समर्थन करायचंच असेल तर तिला इतरांसारखीच निविदा भरू द्या, आणि पूर्वी किती कामं बरोबर केली ते लिहून द्या.

शिवाय निविदांचा गोंधळ कुठून सुरू होतो? बहुतेकदा आर्किटेक्टच्याच टेबलावरून. नकाशे अर्धवट, ‘तपशील नंतर देऊ’, रंगाच्या बाबीपुढे ‘मान्यताप्राप्त कंपनीचा’, सळईपुढे ग्रेडचा पत्ता नाही. राडारोडा कुणी उचलायचा, परांचीचं भाडं दरात आहे की वेगळं, पाणी-वीज कुणाची, यावर अवाक्षर नाही. या प्रत्येक मोकळ्या जागेत ठेकेदार आपल्या मनानं काहीतरी धरतो, आणि चार ठेकेदार चार वेगळ्या गोष्टी धरतात. मग त्यांच्या आकड्यांची तुलना म्हणजे आंबे आणि नारळ एकाच तराजूत. पुढे त्याच मोकळ्या जागेतून एक्स्ट्रा आयटेम उगवतो, आणि तो मंजूर करणाराही तोच आर्किटेक्ट. आपल्या कागदातली उणीव दुसऱ्याच्या पैशानं भरण्याचा हा प्रकार थांबवायचा असेल तर निविदा निघण्याआधीच घाम गाळायला हवा. बाबी पूर्ण लिहाव्यात, मोजणीचं मानक नमूद करावं. इच्छुक ठेकेदारांना एकाच दिवशी इमारतीवर बोलवावं, त्यांच्या शंकांची उत्तरं लेखी द्यावीत, आणि सगळ्यांना सारखीच द्यावीत. एकाला फोनवर सांगितलं आणि बाकीच्यांना नाही, तर तिथूनच पक्षपात सुरू झाला, मग हेतू कितीही चांगला असो.

पाकिटं फुटल्यावर घासाघीस होतेच, आणि मराठी माणसाला तिच्यात विशेष रस. “साहेब, अजून थोडं बघा की,” असं म्हणत कमिटी तिघांनाही आळीपाळीनं बोलावते आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगते. केंद्रीय दक्षता आयोगानं २००७ मध्ये सरकारी खात्यांना बजावलं होतं की निविदेनंतर वाटाघाटी करायच्याच नाहीत, अपवादानं केल्याच तर फक्त एल-वनशी. सोसायटीला हे बंधन नसलं तरी त्यामागचं शहाणपण घेण्यासारखं आहे. वाटाघाटीत तुटलेले पाच टक्के ठेकेदार घरून आणत नाही. ते सिमेंटच्या प्रमाणातून, क्युरिंगच्या पाण्यातून, रंगाच्या दुसऱ्या हातातून येतात. दर कमी करायचा असेल तर बाब कमी करा. कुठली बाब वगळली तर इमारत झिजणार नाही, हे आर्किटेक्टला विचारा.

तेव्हा आर्किटेक्टकडून मागायचं ते इतकंच: एक तुलनात्मक तक्ता आणि त्याखाली सहीचा अहवाल. तक्त्यात प्रत्येक बाबीचा दर, अंदाजपत्रकातल्या दराशी फरक, आणि जिथं फरक डोळ्यांत भरतो तिथं ठेकेदाराकडून घेतलेलं लेखी स्पष्टीकरण. अहवालात ठेकेदारानं आधी केलेल्या दोन-तीन इमारती स्वतः जाऊन पाहिल्याची नोंद, शक्यतो एक पावसाळा उलटून गेलेल्या. आणि शेवटी एक शिफारस, कारणांसह. “तिन्ही सक्षम आहेत, सोसायटीनं योग्य तो निर्णय घ्यावा” अशी नव्हे. तसं लिहिणाऱ्याला त्या टप्प्याची फी देऊ नये.

सोसायटीनं शिफारस डावलून एल-वनलाच काम दिलं, तर तो तिचा अधिकार आहे. आर्किटेक्टनं रुसून बसू नये, तितक्याच काटेकोरपणे मोजणी करावी आणि रनिंग बिलं तपासावीत. फक्त त्याचा अहवाल आणि डावलण्याचं कारण दोन्ही इतिवृत्तात गेलं पाहिजे. त्यासाठी तो अहवाल सभेच्या नोटिशीबरोबरच सदस्यांच्या घरी पोचायला हवा. विशेष सभेची नोटीस पाच दिवस आधी निघते; तेवढ्या वेळात दोन पानं वाचून, शेजारच्या इंजिनिअर काकांना विचारून, प्रश्न लिहून आणता येतात. तक्ता ऐन सभेत पडद्यावर दाखवला, तर लोक पुन्हा खालची बेरीजच बघणार.