हिशेब आपल्या हाती हवा

खर्चाच्या हिशेबाला कोणतं ॲप चांगलं, असं हल्ली कवठे येमाईत मला बरेच जण विचारतात. त्यात बचत गटातल्या बायका आहेत, कांदा करणारी तरुण पोरं आहेत. माझं उत्तर आधीच सांगतो: ज्यात नोंद तुम्ही स्वतः करता, ते.

बहुतेक ॲप पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. एक तारखेला पैसे येणार, महिनाअखेरपर्यंत ते पुरवायचे. आपल्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी, कांद्याची पट्टी माल जाईल तेव्हा आणि उसाचं बिल गाळपाला ऊस गेल्यावर. सोसायटीचं पीककर्ज मात्र 31 मार्चच्या आत भरायचं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. हंगामाचं बजेट मांडता येत नसेल, कांदा, ऊस, गोठा, घर अशी खाती वेगळी ठेवता येत नसतील, तर ते ॲप कितीही देखणं असो, आपल्या कामाचं नाही.

काही ॲप बँकेचे एसेमेस वाचून खर्च आपोआप मांडतात. सोय मोठी, पण आपला पुष्कळसा खर्च मोबाईलला दिसतच नाही. पशुखाद्याचे पैसे डेअरी पगारातूनच कापते. सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून परस्पर होते. कांद्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई आणि बऱ्याचदा गाडीभाडंही आधीच वजा झालेलं असतं. कृषी सेवा केंद्रातली औषधांची उधारी तर दुकानदाराच्या वहीत. मेसेजमध्ये येते ती उरलेली रक्कम, आणि ॲप तेवढ्यालाच उत्पन्न समजतं. मग गोठा परवडतो की नाही, हे कळणार कसं? पट्टी समोर घेऊन पूर्ण रक्कम जमेला आणि एकेक कपात खर्चाला लिहिली, तरच कळेल. या कामाला पाच मिनिटं लागतात, ती द्यायलाच हवीत.

हिशेब दुसऱ्याच्या हाती गेला की काय होतं, हे आपल्या शिरूर तालुक्यानं भोगलं आहे. 1874 च्या डिसेंबरात इथल्याच करडे गावानं सावकारावर बहिष्कार घातला. मे 1875 मध्ये सुप्याला उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. त्यात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानंतर 1879 च्या कायद्यानं दख्खनच्या शेतकऱ्याला पावती आणि वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला.

म्हणून फुकटचं ॲप घेताना ते चालवणाऱ्याची कमाई कशावर आहे, हे आधी बघा. एसेमेस वाचून खर्च मांडणारं वॉलनट हे ॲप 2018 मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीनं विकत घेतलं. त्यात गैर काही नाही. पण आपल्या घरात चणचण केव्हा असते, हे कर्ज देणाऱ्याला कळू द्यायचं का, ते आपण ठरवायचं. कर्जाच्या ॲपनी फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये बजावलेलं आहे. तरी कुणी परवानगी मागितली, तर सरळ नाकारा. आणि लिहिलेला हिशेब फाईल करून बाहेर काढता येतो का, तेही तपासा. अमेरिकेत 2007 पासून चाललेलं मिंट हे नावाजलेलं ॲप 2024 मध्ये बंद झालं. वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा एका कंपनीच्या भरवशावर सोडू नयेत.

मराठीत लिहिता येईल, रेंज नसताना चालेल, असं साधं ॲप पुरे. गुगल शीट्सवरही काम भागतं. येत्या दुधाच्या पगारापासून सुरुवात करा आणि तो हिशेब घरातल्या बाईच्या फोनवरही ठेवा. किराणा, शाळेची फी, दवाखाना यांचे खरे आकडे तिलाच ठाऊक असतात.