फॉरवर्ड करणाराही त्या घोळक्यातच उभा असतो

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जुन्या जालन्यातल्या आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ग्रुपचा ॲडमिन मी. नळाला पाणी कधी येणार, मय्यत कधी उठणार, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरायचा, अशा कामांसाठी काढलेला हा ग्रुप. सभासद अडीचशेच्या घरात.

व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. बुरख्यातली एक मुलगी, शेजारी एक मुलगा, भोवती चार-पाच पोरं. "नाम बोल. बाप का नाम बोल. नकाब नीचे कर." मुलगी दोन्ही हातांनी चेहरा झाकते आहे आणि मोबाईलवाला तो चेहरा दिसावा म्हणून वाकून पुढे येतो आहे. खाली ओळ होती : "सब ग्रुप में डालो, इबरत होगी."

मला वाईट वाटले. पण मी तो काढला नाही. पोरं ओळखीची, त्यांचे वडील नमाजला माझ्या शेजारी उभे राहतात. आत्ता काढला तर रात्रभर वाद होईल, सकाळी बघू, असे म्हणून झोपलो. फजरनंतर काढला तेव्हा सहा तास होऊन गेले होते. तोवर तो अंबड, बदनापूरपर्यंत पोहोचला होता. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली आणि सोबतचा मुलगा तिचा वर्गमित्र. दोघे परीक्षेचा फॉर्म भरायला निघाले होते. ती पुन्हा कॉलेजात गेली नाही.

पोरांचे चुकले, हे आता सगळेच म्हणतात. मला त्या सहा तासांबद्दल बोलायचे आहे. ते सहा तास माझे होते.

हा रोग आपल्या मोहल्ल्यापुरता नाही. २०२० च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात शिवारात बसलेल्या एका तरुण जोडप्याला काही तरुणांनी गाठले, मुलीशी अतिप्रसंग केला आणि वर त्याचे चित्रीकरण करून ते पसरवले. पोलिसांनी आरोपींना पकडले. त्या गावाचे नाव तेव्हा सगळीकडे छापून आले, ते इथे पुन्हा लिहिण्याचे काही कारण नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात एका मुस्लिम मुलीला, ती वेगळ्या धर्माच्या मुलाबरोबर दिसली म्हणून, भर रस्त्यात घेरले गेले. त्याचाही व्हिडिओ राज्यभर फिरला. पहिल्या घटनेत धर्माचा प्रश्न नव्हता, दुसरीत होता. दोन्हीकडे मोबाईल मात्र मुलीच्याच तोंडासमोर धरलेला होता.

आता थोडे मागचे आठवा. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचे ॲप आले. शिकलेल्या, बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. आपण संतापलो आणि संतापायलाच हवे होते. मुंबई पोलिसांनी आरोपींना दुसऱ्या राज्यांत जाऊन अटक केली तेव्हा आपल्याला बरे वाटले. मग आपल्या ग्रुपवर, आपल्या पोरांनी, आपल्या मुलीचा चेहरा उघडा पाडला तेव्हा तो संताप कुठे गेला? लिलाव मांडणाऱ्याची भाषा शिवीची असते आणि घेरणाऱ्याची इज्जतीची. पण बाईचा चेहरा ही आपली मालमत्ता आहे, तो कधी झाकायचा आणि कधी उघडा पाडायचा हे आपण ठरवणार, ही दोघांची समजूत एकच आहे.

"सर, दीन की बात है," असे मला त्या पोरांतल्या एकाने सुनावले. मग दीनचेच बोलू. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्यांच्या गोष्टी हुडकत फिरू नका, पाठीमागे निंदा करू नका, असे स्पष्ट बजावले आहे. कोणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, हेही त्याच सूरहमध्ये आहे. सूरह नूरमध्ये एखाद्या स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेणाऱ्याकडून चार साक्षीदार मागितले आहेत. ते आणता आले नाहीत तर शिक्षा आळ घेणाऱ्याला होते आणि पुढे त्याची साक्षही धरली जात नाही. ही आयत कोणत्या प्रसंगाच्या आगेमागे उतरली, हे मशिदीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खुद्द हजरत आयेशा यांच्यावर मदिनेत महिनाभर कुजबुज चालली होती. ती पुढे सरकवणाऱ्यांनाही तिथे माफी नाही. ऐकताक्षणीच 'हे खोटे आहे' असे का म्हणाला नाहीत, हा सवाल ऐकणाऱ्यांना केलेला आहे. आजच्या भाषेत तो ग्रुपच्या सभासदांना केलेला आहे.

हजरत उमर यांचा एक किस्सा सांगितला जातो. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. घरातला माणूस गुन्हा करताना सापडला. तो म्हणाला, माझा एक गुन्हा झाला, तुमचे तीन झाले : तुम्ही पाळत ठेवली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता आत शिरलात. खलिफा माघारी फिरले. आमची पोरं मात्र रोज भिंत चढतात आणि वर आम्हाला इबरत शिकवतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोबाईल नसता तर गरिबाचे कोणी ऐकले असते का? हे मला मान्य आहे आणि जालनेकराला तर ते सांगायलाच नको. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. त्याची दृश्ये बाहेर आली म्हणूनच राज्याला जाब विचारता आला. सत्तेच्या हातातली काठी दाखवणारा व्हिडिओ हा पुरावा आहे. तो जपलाच पाहिजे.

पण पुढचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, कल्याणला मुलीकडे निघालेल्या जळगाव जिल्ह्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या मुस्लिम आजोबांना, डब्यात गोमांस असल्याच्या संशयावरून तरुणांनी मारले, शिवीगाळ केली. गुन्हा दाखल व्हायला तो व्हिडिओ उपयोगी पडला. मग आपण काय केले? "देखो क्या जुल्म हो रहा है" असे लिहून त्या म्हाताऱ्या माणसाचा मार खाणारा चेहरा हजार ठिकाणी पाठवला. त्यांच्या नातवंडांच्या मोबाईलवरही तो गेला असेल. मारणाऱ्याला काय हवे असते? मार चार जणांना दिसावा आणि बाकीच्यांनी भ्यावे. ते काम आपण फुकटात करून दिले.

म्हणून मी स्वतःशी एक साधी कसोटी लावली आहे. व्हिडिओत कोण उघडे पडते आहे, मारणारा की मार खाणारा? मारणारा असेल तर मूळ फाईल जपून ठेवावी, पोलिसांना, वकिलाला, भरवशाच्या पत्रकाराला द्यावी आणि पीडिताचा चेहरा झाकल्याशिवाय कुठेही टाकू नये. मार खाणाराच उघडा पडत असेल तर पुढे पाठवणे म्हणजे घोळक्यात जाऊन उभे राहणे.

घोळका काय करतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. त्या काळात देशभर मुले पळवण्याचा एक व्हिडिओ फिरत होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना सावध करण्यासाठी केला होता. शेवटचा खुलासा कापला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. तो पुढे पाठवणारे बहुतेक लोक आई-बापच असणार, काळजीनेच पाठवत असणार. राईनपाड्यानंतर सोळाव्या दिवशी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना आदेश दिले. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पाचवर थांबवणारा नियम कंपनीला करता येतो. पहिल्यावरच थांबायचे की नाही, हे आपल्या अंगठ्याचे काम आहे.

आता ॲडमिनचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्वाळा दिला की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा संगनमताचा हेतू नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. निकाल योग्य आहे. नाहीतर उद्या कोणालाही उचलून आत टाकता येईल आणि आपल्या वस्तीत आधी कोणाला उचलतील हे सांगायला नको. पण न्यायालयाने मला सोडले म्हणजे मी सुटलो असे होत नाही. मशिदीच्या अंगणात कोणी आग लावली आणि पाण्याचा नळ माझ्या हातात होता, तर "आग मी लावली नाही" हे उत्तर पुरत नाही.

आम्ही आता ग्रुपचे तीन नियम केले आहेत. कोणाचाही चेहरा त्याच्या परवानगीशिवाय टाकायचा नाही. अपमानाचा व्हिडिओ दिसताक्षणी तीन ॲडमिनपैकी जो जागा असेल त्याने काढायचा, आणि त्या तिघांत एक बाई आहे. ज्याने टाकला त्याच्या घरी दोघांनी जाऊन बोलायचे, पण त्याचे नाव ग्रुपवर घ्यायचे नाही, कारण त्यालाही चौकात उभे करून आपण तेच करू. मुलीला तक्रार करायची असेल तर सोबत जायचे. कायदा तिच्या बाजूने आहे : बाईचा पाठलाग, तिचे चोरून चित्रीकरण हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत आणि खाजगी, अश्लील चित्रण असेल तर तिच्या तक्रारीवर २४ तासांत ते काढण्याची मुदत २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना घातली.

नियम केले तेव्हा सोळा जण ग्रुप सोडून गेले. जाऊ देत.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चाने निघाल्या. अख्ख्या महाराष्ट्रासमोर त्या उभ्या राहिल्या. लोकांसमोर यायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या मुलीला कोणी विचारले नाही.

मी तिच्या घरी माफी मागायला गेलो. तिच्या वडिलांनी चहा दिला, एवढेच म्हणाले, "सर, आप तो उस रात जाग रहे थे." दोन निळ्या खुणा त्यांनीही पाहिल्या होत्या.

आज रात्री तुमच्या ग्रुपवर असे काही आले, तर सकाळची वाट बघू नका.