रक्तवाढीची गोळी

मार्माइट हा इंग्रजांचा लाडका पदार्थ. बिअर करून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा हा अर्क. काळपट, चिकट आणि जिभेला झोंबेल इतका खारट. ते लोक तो पावाला लावून आवडीनं खातात. आपल्याकडं कुणाला चमचाभर दिला, तर 'हे नासलंय का?' असंच आधी विचारतील. पण गरोदरपणातल्या पंडुरोगाचं एक मोठं कोडं या मार्माइटनं सोडवलं, आणि तेही लंडनमध्ये नव्हे, आपल्या मुंबईत.

लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत तेव्हा मातामृत्यूंचा अभ्यास चालला होता. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या आणि त्यातल्या कित्येक दगावायच्या. त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तांबड्या पेशी कमी दिसत, पण ज्या होत्या त्या फुगलेल्या, नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. इथं सगळं उलटं. विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला, तो खोटा ठरला. मग वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात याची पाहणी केली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नव्हतंच, त्यांच्यात हा आजार जास्त होता. तसाच निकस आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला आणि मग एकेक पदार्थ वर घालून पाहिला. मार्माइट घातला आणि रक्त सुधारलं. बायकांनाही तो दिला, त्याही सुधारल्या. १९३१ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा बाईंनाही माहीत नव्हतं.

खरी गंमत पुढंच आहे. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी १९२६ साली एका वेगळ्या, तोवर हमखास जीव घेणाऱ्या पंडुरोगावर रोज भरपूर कलेजी खायला घालण्याचा इलाज काढला होता. त्यावर पुढं त्यांना नोबेलही मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजार जुळ्या भावंडांसारखे. मग कलेजीचा शुद्ध केलेला अर्क विल्सबाईंच्या रुग्णांनाही चालायला हवा होता. तो चालला नाही. म्हणजे रक्त सारखंच बिघडलेलं, पण दोघांकडं कमी असलेली गोष्ट वेगळी. मार्माइटमधली गोष्ट १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळी काढली गेली. तिला आपण फॉलिक आम्ल म्हणतो. कलेजीतली गोष्ट १९४८ साली लाल स्फटिकांच्या रूपात हाती आली. ते बी-१२.

पेशी नवी घडताना तिचा जनुकीय मजकूर उतरवून घ्यावा लागतो. त्या कामात ही दोन जीवनसत्त्वं भागीदार आहेत. बी-१२ नसेल तर फॉलिक आम्ल शरीरात असूनही निरुपयोगी रूपात अडकून पडतं, म्हणून रक्ताचं चित्र दोन्हीकडं सारखं दिसतं. पण बी-१२ ला आणखी एक काम आहे, नसांचं, आणि तिथं फॉलिक आम्ल त्याच्या जागी उभं राहू शकत नाही. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक आम्ल भरपूर दिलं, की हिमोग्लोबिन वर येतं, चेहऱ्यावर तजेला येतो, डॉक्टर खूश, घरचे खूश. आत नसांची झीज चालूच राहते. पायाला मुंग्या, चालताना झोक, विसराळूपणा. कृत्रिम फॉलिक आम्ल नवं नवं हाती आलं तेव्हा, १९४५ नंतरच्या काही वर्षांत, डॉक्टरांनी हे रुग्णांच्या जिवावर शिकून घेतलं.

आता आपल्या ताटाकडं वळू. फॉलिक आम्लाची आपल्याकडं ददात नाही. मेथी, पालक, चवळी, हरभरे, शेंगदाणे यांतून ते पोटात जातं, फक्त भाजीचा गाळ होईपर्यंत शिजवू नये. बी-१२ मात्र कुठल्याच भाजीत, धान्यात, डाळीत नाही. ते फक्त जिवाणू तयार करतात आणि जनावरांमार्फत ते आपल्यापर्यंत येतं. मांस, मासे, अंडी, दूध. स्पिरुलिनात ते भरपूर असतं अशी जाहिरात होते. त्यातलं बहुतेक आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'आम्ही खातो हो नॉनव्हेज!' खरं आहे, खातात. पण सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. वर संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र, आणि मार्गशीर्षात घरातल्या बायकांचे गुरुवार. उरल्या बुधवार, शुक्रवार, रविवारी मटणाचा भाव विचारायचा आणि अर्धा किलो आणून सहा जणांत रस्सा वाढवायचा. त्यातही फोडी कुणाच्या पानात जास्त पडतात हे ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक आहे. राहिलं दूध. खेड्यात ते पहाटेच डेअरीला जातं आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहातलं येतं. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमचा लाखावा भागही नव्हे. पेलाभर दुधातून त्यातलं साधारण एक मिळतं. तेवढंही आपण चुकवतो.

हे नुसतं माझं स्वयंपाकघरातलं अनुमान नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आहेत. याज्ञिक तसे मधुमेहाचे डॉक्टर. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांना इतका मधुमेह का होतो, हा त्यांचा प्रश्न. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज मित्राचा फोटो छापला. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे एकसारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. याची मुळं आईच्या पोटात असतात का, हे बघायला ते गावात गेले होते.

तिथं सापडलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, बाळाचं जन्माचं वजन आईनं किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली याच्याशी फारसं जुळेना. ते जुळलं हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. पोट भरणं आणि पोषण होणं यांतलं अंतर इतकं स्वच्छ क्वचित दिसतं. दुसरी गोष्ट २००८ साली प्रसिद्ध झाली. या आयांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. फॉलिक आम्ल कमी असलेली बाई सगळ्यांत मिळून एकच निघाली. आणि ज्यांच्यात फॉलिक आम्ल जास्त पण बी-१२ कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी तपासली तेव्हा इन्शुलिनला सगळ्यांत कमी दाद देणारी होती. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते.

लगेच कुणी फॉलिक आम्लाच्या नावानं बोटं मोडू नयेत. गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले आणि मेंदूतले जन्मदोष मोठ्या प्रमाणात टळतात; १९९१ साली एका मोठ्या चाचणीत हे सिद्ध झालं आणि त्यानंतर त्यावर वाद उरला नाही. गरोदर बाईनं हा लेख वाचून गोळी बंद केली, तर तो माझा अपराध होईल. तक्रार आहे ती एकाला बोलावून त्याच्या जोडीदाराला दाराबाहेर ठेवण्याची.

ही चूक आपण औषधाच्या दुकानात रोज करतो, फक्त उलट्या दिशेनं. जे कमी नाही ते विकत घेतो. बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ती रायबोफ्लेविनमुळं; शरीराला नको असलेलं जीवनसत्त्व, पैसे मोजून, वाहून जाताना दिसतं. ते बिचारं निरुपद्रवी तरी आहे. 'ड' जीवनसत्त्वाचं तसं नाही. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे, हे डॉक्टर लिहून देतात. लोक तीच चिठ्ठी दाखवून वर्ष-वर्ष घेत राहतात. ते चरबीत साठतं, रक्तात कॅल्शियम चढतं आणि मग मूत्रपिंडांची पाळी येते. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर झालेली चाचणी तर प्रसिद्ध आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त.

आणि ज्याची खरोखर वाण आहे, ते विचारतो कोण? मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनमुळं काही वर्षांत बी-१२ कमी शोषलं जातं. पित्तावरच्या रोज सकाळी अनशापोटी घ्यायच्या गोळ्यांचंही तेच, कारण अन्नातलं बी-१२ सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं. आपल्याकडं साठीच्या पुढं या दोन्ही गोळ्या चालू असलेली, वर जन्माची शाकाहारी असलेली माणसं घरटी सापडतील. पायाला मुंग्या आल्या की 'शुगरमुळं होतं' म्हणून ती गप्प बसतात. शुगरमुळं होतंही, पण रक्ताच्या एका तपासणीनं दुसरं कारण आहे की नाही ते कळतं. दुकानातल्या बी-१२ च्या गोळीवर १५०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं आणि गरज दोन-अडीचची, ही फसवणूक वाटू शकते. ती नाही. एका वेळी नेहमीच्या वाटेनं दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात. ती वाटच बिघडलेल्या माणसात मोठ्या डोसाचा जेमतेम एक टक्का झिरपतो, आणि त्याला तेवढा पुरतो.

याज्ञिकांच्या गटानं त्या सहा गावांतल्या, आता वयात आलेल्या त्याच मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ द्यायला सुरुवात केली. दिवसाला फक्त दोन मायक्रोग्रॅम, खाण्यातून मिळू शकेल एवढंच. पुढं त्यांना मुलं झाली, तीही तपासली जातायत.

सरकारी रक्तवाढीची गोळी म्हणजे आशाताई गरोदर बाईच्या हातात ठेवते ती लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. किमान १८० दिवस घ्यायची. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्यामुळं गोळी हवीच. पण तिच्यात बी-१२ नाही. जगात कुठल्यातरी मांस-मासे खाणाऱ्या देशाला ही गोळी पुरेशी असेल. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या आणि दूध डेअरीला घालणाऱ्या बाईला ती पुरत नाही, हे पुण्यापासून हाकेच्या अंतरावरच्या गावांत मोजून झालं आहे. तिच्यात बी-१२ घालावं, असं मला वाटतं. ते होईपर्यंत निदान डेअरीला घालायच्या आधी पेलाभर दूध तिच्यासाठी घरात काढून ठेवावं, आणि ते तिनंच प्यावं. मुलाला देऊ नये.