उंसाच्या गांवांतील मुरंब्याची बरणी

कसबा बावडा हें करवीर नगरीच्या वेशीवरील जुनें गांव. आज तें कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. तरी पंचगंगेच्या काठीं त्याच्या शिवारांत अद्याप ऊंस उभा आहे, आणि राजाराम सहकारी साखर कारखानाही ह्याच गांवांत आहे. सन १८९५ मध्यें शाहू छत्रपतींनीं वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेनें कोल्हापुरी गुळाचें नांव दूरवर नेलें, व सन २०१४ मध्यें त्या गुळास भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा गांवांत गोडाची वाण कधींच नव्हती. असें असतां ऊंसकऱ्याच्या घरांत मुलांच्या पोळीबरोबर दुकानची जॅमची बाटली यावी, आणि त्याच घराच्या परड्यांत पिकलेले पेरू पांखरांनीं टोंचून मातींत पडावे, हा प्रकार आम्हांस व्यवहाराच्या दृष्टीनें चुकीचा आणि शेतकऱ्याच्या लौकिकास कमीपणा आणणारा वाटतो.

ह्या विषयाकडे पाककलेचा विषय म्हणून पाहूं नये अशी वाचकांस प्रथमच विनंति आहे. फळ नासणें म्हणजे माल नासणें होय. उंसाचा एक गाडा रस्त्यांत उलथला तर आपण आठ दिवस त्याविषयीं बोलतों. परंतु बांधावरील आंब्याचा चौथा हिस्सा वाऱ्यानें झडला, किंवा एकाच आठवड्यांत सगळे पेरू पिकून बाजार पडला, तर त्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. जो माल आज मातीमोल आहे तोच सहा महिन्यांनीं दामदुप्पट उपयोगी पडावा, ह्यासाठीं लागणारीं साधनें आपल्या घरांतच आहेत. ती विद्या मात्र नीट शिकली पाहिजे.

ही विद्या परकी नव्हे. मुरब्बा हा शब्द अरबी भाषेंतून आला असला, तरी साखरांबा, गुळांबा व मोरावळा हे आपल्या माजघरांतले जुने पदार्थ आहेत. गोमंतकांत पोर्तुगीज अमलापासून रुळलेली पेरूची पेराद आणि मुसराद आंब्याची मांगाड ह्याच कुळांतल्या. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांत पांचगणीस सन १९५९ मध्यें स्ट्रॉबेरीच्या जॅमचा एक लहानसा उद्योग निघाला, व पुढें तो मोठा झाला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस सन २०१० मध्यें मानांकन मिळालें. नाजूक फळ पिकतें तेथेंच शिजविण्याची सोय झाल्यास त्या फळाच्या लागवडीसही बळ येतें, हें त्या डोंगरावर दिसून आलें आहे. आमच्या पन्हाळा, आजरा व चंदगड ह्या भागांत करवंदें, जांभळें व फणस ह्यांची समृद्धि आहे; परंतु तिचा पुष्कळसा भाग पावसाच्या पहिल्या सरींत जातो.

आतां मुरंबा टिकतो कां, हें पाहूं. फळांत पाणी असतें व पाण्यावर किण्व आणि बुरशी जगते. साखर पुरेशी असली म्हणजे ती हें पाणी आपल्याकडे बांधून ठेविते, आणि त्या जंतूंस तें मिळत नाहीं. तयार जॅममध्यें विरघळलेल्या घन पदार्थांचें प्रमाण शेंकडा ६५ च्या खालीं जातां कामा नये, असें म्हणतात तें ह्यासाठींच. दुसरा आधार आंबटपणाचा. तिसरा फळांतील पेक्टिन नांवाच्या द्रव्याचा; त्याच्यामुळें जॅम थिजतो. साखर, आंबटपणा व पेक्टिन हीं तिन्ही योग्य प्रमाणांत जुळलीं तर वरून कांहीं घालावें लागत नाहीं. ज्यांचा मुरंबा पातळ राहतो ते बहुधा साखर वाढवीत बसतात. वस्तुतः उणीव लिंबाच्या रसाची असते.

कच्ची कैरी, करवंद, आवळा आणि पेरू ह्यांत पेक्टिन विपुल असतें. पेरू गोड जातीचा असल्यास लिंबू घालावें लागतें. चिकू, केळें व पिकलेली पपई हीं आंबटपणांत कमी. त्यांचा एकट्याचा जॅम करण्याचा हट्ट धरूं नये, कैरीच्या किंवा पेरूच्या गराबरोबर तीं मिसळावीं. फळ अगदीं पिकून मऊ झालें म्हणजे त्यांतील पेक्टिन कमी होतें. म्हणून तीन भाग पक्व व एक भाग अर्धकच्चें फळ घेण्याची चाल चांगली. नासका भाग काढून उरलेलें शिजवावें, ही काटकसर मात्र खोटी आहे. बुरशीचें विष डोळ्यांस दिसतें तेवढ्याच भागांत राहत नाहीं.

पाक झाला कीं नाहीं हें अनेक गृहिणी तारेवरून व बशीवरून ओळखतात. थंड बशीवर टाकलेला थेंब बोटानें सारला असतां त्यावर सुरकुती पडली म्हणजे उतरावा, ही परीक्षा उत्तम आहे. परंतु दोन घरांचा माल सारखा व्हावयाचा तर तापमापक आणि तराजू ह्यांशिवाय गत्यंतर नाहीं. पुस्तकांतून जॅम १०५ अंश सेल्सिअसवर उतरावा असें लिहिलेलें असतें. तें समुद्रसपाटीचें माप होय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच आहे, व येथें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. म्हणून आमच्याकडे १०३ अंशांवर भांडें उतरवावें. १०५ ची वाट पाहणाऱ्याचा पाक कडक होऊन रंग काळा पडतो.

तराजूचा हिशेब तर आणखी सोपा. एक किलो पेरूच्या गरांत घन भाग सुमारें १०० ग्रॅम असतो. त्यांत एक किलो साखर घातली म्हणजे घन पदार्थ १,१०० ग्रॅम झाले. शेंकडा ६६ चें प्रमाण साधावयाचें तर तयार माल सुमारें १,६५० ग्रॅम निघाला पाहिजे; म्हणजे दोन किलोंतून साडेतीनशें ग्रॅम पाणी उडालें कीं काम झालें. रिकाम्या भांड्याचें वजन आधीं करून ठेवावें, म्हणजे अंदाजावर विसंबावें लागत नाहीं. भांडें पोलादी घ्यावें. कल्हई उडालेल्या पितळीत आंबट पदार्थ कळकतो हें कोणास सांगावयास नको. बरण्या उकळत्या पाण्यांत ठेवून, कोरड्या करून, माल कढत असतांनाच भराव्या.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही गांवास लागू आहे. आमच्या गांवाची खरी गोष्ट गुळाची. गुऱ्हाळांत रस निवळण्याकरितां रानभेंडीचा चीक व चुना वापरतात. चुन्यामुळें रसाचा आंबटपणा मरतो, आणि गुळांतील क्षारही तो दडपतात. म्हणून गुळांब्यास साखरांब्यापेक्षां कैरी अधिक आंबट लागते, किंवा लिंबू अधिक पिळावें लागतें. गूळ पाण्यांत विरघळवून, फडक्यांतून गाळून, एक उकळी देऊन मगच फळांत घालावा. नाहींतर कचरा व मातीचा अंश बरणींत जातो. गुळांत थोडें पाणी असतेंच, त्याचाही विचार वजन करतांना व्हावा.

आतां एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारांत पिवळ्याधमक गुळास भाव अधिक मिळतो, म्हणून रसांत हायड्रॉस पावडर टाकण्याची खोड पडली आहे. गुळांत साखर मिसळून ढेपा पाडण्याचे प्रकारही लपलेले नाहींत. मुरंब्यास ह्या उजळपणाचा काडीचाही उपयोग नाहीं, कारण शिजतांना रंग गडद होणारच. तेव्हां ज्या शेतकऱ्याचा ऊंस गुऱ्हाळास जातो त्यानें घरापुरता एक आधण तरी पावडरीवांचून उतरवून घ्यावा. स्वतःच्या मुलांसाठीं जो गूळ आपण वेगळा काढूं, तोच पेठेंत नेण्यास योग्य होय, हा विचार त्यामुळें आपोआप मनांत रुजेल.

ऋतुमानही आपणांस अनुकूल आहे. गुऱ्हाळें दिवाळीच्या सुमारास पेटतात व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. आवळा नेमका ह्याच दिवसांत येतो. ताज्या गुळांत मोरावळा घालण्यास ह्याहून चांगली वेळ नाहीं. थंडींतला पेरूही त्याच वेळीं हातीं असतो. चैत्रांत कैरी येते, वैशाखांत करवंद, आणि मृगाच्या आधीं गुळाच्या ढेपा घरांत असतात. ह्या ढेपांस पावसाळ्यांत पाणी सुटतें हा सर्वांचा अनुभव. जी ढेप श्रावणांत पाझरावयाची तिचा ज्येष्ठापूर्वींच गुळांबा झाला, तर गूळ व कैरी दोन्ही वांचतात. फळझाडांसाठीं निराळी जमीन हवी असेंही नाहीं. बांधांवरील झाडें उंसास सावली पडते म्हणून तुटलीं. तीं शेताच्या उत्तर बाजूच्या बांधावर लावलीं असतीं तर सावलीची तक्रार फारशी उरली नसती. सन २०१९ व २०२१ च्या महापुरांनीं बुडविलेल्या मळईच्या कडेस जांभूळ लावावें. पाणी सांचलेलें त्यास पुष्कळसें सोसतें.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं बाजारची बाटली स्वस्त पडते. बाटलीवरील मजकूर वाचून मग स्वस्ताई ठरवावी. आपल्या देशांतील नियमाप्रमाणें जॅममध्यें फळांचा भाग सामान्यतः शेंकडा ४५ असला म्हणजे पुरतो. आणि मिश्र फळांच्या नांवाखालीं स्वस्त फळांचा गर चालतो. वर दिलेल्या हिशेबाच्या घरगुती मालांत तो भाग शेंकडा ६० पडतो. दुसरा आक्षेप प्रकृतीचा, व तो रास्त आहे. गूळ घातल्यानें मुरंबा औषध होत नाहीं. गूळ ही मुख्यत्वें साखरच आहे, आणि मधुमेह्यास दोहोंचें पथ्य सारखेंच. आम्ही चमचाभर खाण्याची शिफारस करतों, वाटीभर नव्हे. आणि गुळांब्याची जाहिरात औषध म्हणून करणाऱ्यांस आमचा पाठिंबा नाहीं.

एका घरची बरणी घरापुरतीच. विकावयाचें तर एकत्र आलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४० पासून, इंग्लंडांतील खेड्यांच्या स्त्रीमंडळांस सरकारनें साखर पुरविली. त्यांनीं गांवच्या सभागृहांत व शेतघरांत चुली मांडून वायां जाणारें फळ शिजविलें, व तो जॅम शिधावांटपांत गेला. ज्या देशास साखर जहाजांनीं आणावी लागत होती त्यानें हें केलें. आमच्या दारांत तर कारखाना आहे. आपल्याकडे सन २०२० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेंत शेंकडा ३५ पर्यंत, कमाल १० लाख रुपयांचें, अनुदान ठेवण्यांत आलें. अनुदान पाहून यंत्र आणावें व मग फळ शोधीत फिरावें, हा उलटा मार्ग आम्हांस पसंत नाहीं. प्रथम एका गल्लींतील दहा घरांनीं एका मापानें दोन हंगाम माल करावा. तो पावसाळाभर टिकतो कीं नाहीं हें पाहावें. मग अन्नसुरक्षेच्या कायद्याखालीं नोंदणी करून, घटक व तारीख बाटलीवर छापून, बाजारांत उतरावें. कोल्हापूरच्या ऊंस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला गुळाच्या बाबतींत अवश्य घ्यावा.

शेवटीं एक गोष्ट पुरुषवर्गास सांगावयाची आहे. हें काम ज्या हातांनीं होणार ते हात घरांतील स्त्रियांचे आहेत. आधींच धारा, वैरण व स्वयंपाक ह्यांत त्यांचा दिवस जातो. त्यावर हें एक ओझें फुकट टाकावयाचें असेल तर आमची सूचना कोणी मनावर न घेतलेलीच बरी. फळ उतरविणें, गूळ गाळणें व जळण आणणें हीं कामें पुरुषांनीं करावीं. आणि विक्रीचा पैसा जिनें पाक उतरविला तिच्या नांवें बँकेंत जमा व्हावा. उंसाचें बिल कोणाच्या खात्यावर येतें हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. मुरंब्याचें खातें निराळें असावें. एवढें पथ्य पाळणारीं दहा घरें बावड्यांत निघालीं, तर येत्या चैत्राची कैरी हातची जाऊं देण्याचें कारण राहणार नाहीं.