गादीआधी तळ

केबिनची जुनी बोट दुरुस्त करून शनिवार-रविवार मुलाबाळांसह पाण्यावर काढायचे, हा बेत आपल्या उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात अजिबात वेडा नाही. फर्निचरचे कारागीर उल्हासनगरात, लेथवाले अंबरनाथच्या एमआयडीसीत. फक्त घरच्या कपाटाचा प्लाय बोटीत नको; आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच घ्या. खाऱ्या पाण्यात ३०४ स्टीलला लवकर गंज धरतो, म्हणून स्क्रू ३१६चे. पण पहिला पैसा तळ, इंधननळ्या आणि वायरिंगवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीवर पेटते. ती वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चालवल्याशिवाय इंजिन सुरू करायचेच नाही. त्याच केबिनमध्ये मुले झोपणार आहेत, इथे काटकसर मला सहन होत नाही. बोट मात्र बदलापूरच्या उल्हास नदीत नको. ते आपले पिण्याचे पाणी. ती खाली कल्याणच्या खाडीत न्या; तिथे भरती-ओहोटी आहे. खाडीतल्या यांत्रिक बोटीला २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने तपासणी आणि नोंदणी लागते; गाद्या शिवायला टाकण्याआधी ती उरका.