हँडल बदलायचंय? आधी कागदाची पट्टी घ्या!

मुलांनो, सायकल स्वतःची झाली की तिच्यात काहीतरी बदल करावासा वाटतोच. कुणी आऱ्यांत रंगीत मणी ओवतो, कुणी मडगार्डवर नाव काढून घेतो. आणि सातवी-आठवीत गेलं की नजर जाते ती हँडलवर. मग एखादा मधल्या सुट्टीत सांगायला येतो, "सर, हँडल बदलायलोय!" मी त्याला एवढंच विचारतो, "आणि ब्रेकचं काय करायलास?" उत्तर ठरलेलं असतं, "ब्रेक हाय तोच की सर!"

इथेच तर गोम आहे. हँडल, ब्रेकची लिव्हर आणि गियरचे बटण ही तिन्ही एकाच नळीवर बसलेली दिसतात. पण बसली म्हणजे जुळली असे नाही बरं का! लिव्हर हँडलला जुळावी लागते आणि खाली चाकाजवळच्या ब्रेकलाही जुळावी लागते. पहिली जुळणी डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, म्हणून तीच जास्त फसवते.

आधी आपली आजोबांची काळी सायकल घ्या. अजूनही कितीतरी घरांत ती आहे, दूध घालायला नाहीतर शेतावर जायला. तिच्या ब्रेकला तार नसते, लोखंडी सळ्या असतात. लिव्हर दाबली की सळी वर ओढली जाते आणि रबर चाकाच्या धावेला खालून येऊन टेकते. या सायकलची लिव्हर हँडलवर वेगळी आवळलेली नसते. ती हँडललाच पक्क्या केलेल्या कानांत फिरते. म्हणजे हँडल काढले की ब्रेकही गेला! या सायकलला सरळ हँडल बसवायचे तर पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक नवे घ्यावे लागतात. त्यापेक्षा ती आहे तशीच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. (पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. सुट्टीत पुण्याला मामाकडे जाणार असाल तर असले जुने ब्रेक तिथे नीट निरखून पाहा.)

सळीच्या जागी तार आली आणि सगळे सोपे झाले. आतून तार, बाहेरून नळी; तार ओढायची, नळी जागेवर राहते. अर्नेस्ट बोडेन नावाच्या माणसाने १८९६ साली इंग्लंडमध्ये याचे पेटंट घेतले. तार कशीही वळवता येते, त्यामुळे लिव्हर हँडलवर कुठेही सरकवून आवळता येऊ लागली. हँडल वेगळे, लिव्हर वेगळी. बदलण्याचा नाद लागला तो इथूनच!

आता पहिली जुळणी. यासाठी व्हर्नियर नको, काही नको. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. हँडलवर जिथे रबरी मूठ आणि लिव्हर बसते तिथे ती घट्ट गुंडाळा. जिथे एक फेरा पूर्ण होतो तिथे पेनाने खूण करा. पट्टी सरळ करून फूटपट्टीने मोजा. हा झाला परीघ. त्याला २२/७ ने भागले की व्यास मिळतो, सातवीतल्या मुलांना हे सांगायला नको.

सरळ हँडलवर आणि आपल्या नेहमीच्या वाकड्या हँडलवर पट्टी ७ सेंटिमीटर भरेल. म्हणजे व्यास २२.२ मिलिमीटर, जुन्या भाषेत पाऊण इंचाला वर एक सूत. आता शर्यतीच्या सायकलचे ते मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल मोजा. तिथे पट्टी साडेसात सेंटिमीटर भरते, व्यास २३.८ मिलिमीटर. फरक किती? दीड मिलिमीटरहून थोडा जास्त, बस्स! पण तेवढ्यासाठी सरळ हँडलची लिव्हर शिंगांच्या हँडलवर चढत नाही. ठोकून चढवली तरी वळणावर अडते. एखादे वेळी तिचा कानच तडकतो.

हँडलचा मधला भाग, जिथे ते आवळलेले असते, तो जाड असतो. तिथेही पट्टी लावा. बऱ्याच सायकलींना ती ८ सेंटिमीटर भरते, म्हणजे २५.४ मिलिमीटर. अलीकडच्या काही सायकलींना चक्क १० सेंटिमीटर, म्हणजे ३१.८ मिलिमीटर. आठाचे हँडल दहाच्या पकडीत बसवून मधे पत्र्याची पट्टी ठोकून देणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे मुळीच करू नका. खड्ड्यात चाक आपटले की हँडल पकडीतच फिरते.

आता दुसरी, न दिसणारी जुळणी. तुमच्या चाकाजवळ खाली वाकून बघा. ब्रेक कसा आहे? चाकाच्या वर एका बोल्टवर बसलेला, दोन्ही बाजूंनी आवळणारा चिमटा आहे का? की चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोन लांब दांड्या आहेत आणि तार वरून एका दांडीकडून दुसरीकडे आडवी जाते? पहिल्याला कॅलिपर म्हणतात, दुसऱ्याला व्ही-ब्रेक. गियरच्या सायकलींवर हा व्ही-ब्रेक १९९६ नंतर झपाट्याने पसरला.

या दोघांची भूक वेगवेगळी आहे. व्ही-ब्रेकच्या दांड्या लांब, त्यामुळे रबर चाकाला टेकेपर्यंत तारही खूप ओढावी लागते. चिमट्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून त्याची लिव्हर वेगळी असते. तुम्ही विज्ञानात तरफ शिकला आहात ना? टेकू, बल, भार? लिव्हर म्हणजे तरफच. ती ज्या खिळ्यावर फिरते तो टेकू. त्या टेकूपासून तारेची गोळी जितकी लांब, तितकी तार जास्त ओढली जाते, पण जोर कमी मिळतो. गोळी टेकूजवळ असेल तर तार थोडी ओढली जाते आणि जोर भरपूर मिळतो. दोन लिव्हर शेजारी ठेवून फूटपट्टीने हे अंतर मोजा, कोणती कुणाची ते लगेच कळेल.

मग अदलाबदल झाली तर? चिमट्याची लिव्हर व्ही-ब्रेकला लावली तर लिव्हर दाबत दाबत मुठीला टेकते, तरी रबर नीट लागत नाही. हा दोष निदान लगेच कळतो. उलटी चूक मात्र लबाड आहे. व्ही-ब्रेकची लिव्हर चिमट्याला लावली की थोडे दाबताच रबर टेकते. लिव्हर दगडासारखी टणक लागते. वाटते, वा, काय ब्रेक आहे! प्रत्यक्षात जोर अर्धाच पोचत असतो.

आमच्याकडच्या एका मुलाच्या सायकलला असेच झाले होते. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर ब्रेक छान लागला. संध्याकाळी गावाबाहेरच्या उतारावर त्याने दोन्ही हातांनी लिव्हर दाबली आणि सायकल चालतच राहिली. शेवटी तो कडेच्या ज्वारीत शिरला म्हणून बचावला. कोपरे सोलली आणि पुढचे चाक वाकडे झाले. आपला जिल्हा बालाघाटच्या अंगाखांद्यावर वसलेला. येडशीचा घाट आहे, तुळजापूरचा घाट आहे, शिवाय वाडीवस्तीवरून शाळेला येताना किती उतार लागतात ते तुम्हीच मोजा. म्हणून नवीन लिव्हरची परीक्षा सपाटीवर संपवू नका. एखाद्या छोट्या उतारावर, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, आधी हळू जाऊन बघा.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर? तारेचा डिस्क असेल तर लिव्हर कोणती लागते हे त्या ब्रेकच्या प्रकारावर ठरते, विचारूनच घ्या. तेलाचा असेल तर लिव्हर आणि ब्रेक यांची जोडी फोडायचीच नाही.

गियरचेही तसेच. मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या मोजा. ७ असतील तर उजव्या हाताचे बटण ७ घरांचेच हवे. ६ घरांचे लावले तर एक चकती बिचारी बेकार! आणि घरे सारखी असली तरी एका 'टक'ला तार किती सरकते हे प्रत्येक कंपनीचे सारखे नसते. तार थोडी कमी-जास्त सरकली की साखळी दोन चकत्यांच्या मधे खडखडते. काही बटणे मूठ पिळून चालवायची असतात. त्यांना हँडलचा सरळ भाग जास्त लागतो, तो मोजून घ्या. काही ठिकाणी ब्रेक आणि गियर एकाच जोडणीत असतात. तिथे एक बदलायचे म्हणजे दोन्ही बदलायचे. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० साली शर्यतीच्या हँडलसाठी अशी जोडणी आणली. दिसते फार देखणी! पण तिची ब्रेकची तार थोडीच ओढली जाते, म्हणून व्ही-ब्रेकच्या सायकलला शिंगांचे हँडल लावण्याचा बेत तिथेच अडतो.

तारांमध्येही जात असते बरं. सरळ हँडलच्या लिव्हरमधली ब्रेकच्या तारेची गोळी ढोलकीसारखी आडवी, शर्यतीच्या लिव्हरमधली पेरूसारखी. गियरची तार बारीक, सव्वा मिलिमीटरच्याही आत. ब्रेकची त्याहून जाड. गियरच्या तारेची बाहेरची नळी ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबला की ती फुटू शकते.

पालकहो, थोडे तुमच्यासाठी. मूल हट्ट करते म्हणून हँडल आणायला जाल तेव्हा सायकल बरोबर न्या, नुसते माप सांगू नका. बसवून झाल्यावर हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. तार ताणून ब्रेक आपोआप लागत असेल तर तार आखूड पडली. जास्त लांबीची घालून घ्या. हँडल उंच करताना त्याच्या दांड्यावर कोरलेली रेघ बाहेर दिसता कामा नये. उजव्या हाताला आधी जो ब्रेक होता तोच आताही ठेवा, कारण घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच चालतो. पुढचे चाक पायांत धरून हँडल जोराने फिरवून पाहा. हलले तर आवळणे बाकी आहे.

आणि मुलांनो, हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहे का ते आजच बघा. मूठ झिजून नळीचे तोंड उघडे पडले असेल तर पडताना ते पोटात घुसते. नवी मूठ मिळेपर्यंत बाटलीचे बूच कापून घट्ट बसवले आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली तरी काम भागते.