दिवाळी, दिवाळे आणि विद्या

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट काढणे अशुभ, असे घरातली वडील मंडळी म्हणतील. पण ज्यांच्या घरी पूजेला ठेवायची वही नुसत्या देण्याचीच असते, अशा घरांतही हा अंक जातो. त्यांच्याकरिता लिहितो.

माझा एक विद्यार्थी. वडील शेतकरी. पोराच्या इंजिनिअरिंगसाठी बँकेच्या कागदावर सही करताना त्यांचा हात अडखळला, तेव्हा शेजारी बसून मीच म्हणालो, "करा सही, अण्णा. विद्येसाठी काढलेलं कर्ज बुडत नाही." मी पडलो मॅट्रिक, विद्येवर माझी श्रद्धा अंमळ जास्तच! मुलगा पास झाला. नोकरी मात्र मिळाली ती व्याजालाही न पुरणारी. माझे वाक्य अक्षरशः खरे ठरले. कर्ज बुडत नाही, माणूस बुडतो.

ज्याला देणे फेडणे अशक्यच झाले, अशा प्रामाणिक माणसाने असेल नसेल ते धनकोंच्या हवाली करावे आणि मोकळे व्हावे, यासाठी नादारीचा कायदा असतो. काही देणी त्यातून वगळलेली असतात, आणि ती वगळावीतच. 1920 च्या कायद्याने सरकारी देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि पोटगी यांतून कुणाला सोडले नाही. बायकोपोरांच्या तोंडचा घास काढून कुणी नादार म्हणून मिरवू लागला, तर मीही त्याला सोडणार नाही.

पण 2016 साली आपल्या संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. तिच्या 79 व्या कलमातील वगळलेल्या देण्यांची यादी वाचा: कोर्टाचा दंड, निष्काळजीपणाची भरपाई, पोटगी, आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज! गुन्हेगाराच्या पंगतीत विद्यार्थ्याचे पान! जे साहेबाला सुचले नाही, ते स्वराज्याला सुचले. लग्नात बँड वाजवायला काढलेल्या कर्जातून सुटका आहे. पुस्तकांसाठी काढलेल्या कर्जातून नाही.

कुणी म्हणेल, "मास्तर, पोरे पदवी घेतील, दुसऱ्या दिवशी हात वर करतील आणि मग लठ्ठ पगार खातील." ठीक. पण लबाडीचे कर्ज याच संहितेच्या 139 व्या कलमाप्रमाणे सुटतच नाही. मग लबाडांच्या भीतीने सरळ पोरांना का बांधून ठेवायचे? अमेरिकेलाही हीच भीती वाटली. तिने 1976 साली सरकारी शिक्षणकर्जांना पाच वर्षे थांबण्याची अट घातली, 1990 साली ती सात वर्षांची केली आणि 1998 साली थांबून सुटण्याची वाटच बंद केली. तरी कमालीचे हाल सिद्ध करील त्याच्यासाठी एक अरुंद खिडकी ठेवली. आपण तीही ठेवली नाही!

याच महाराष्ट्रात 1875 साली शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, तेव्हा परक्या सरकारनेही 1879 चा कायदा करून कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे थांबवले. ऋणकोलाही पुन्हा उभे राहायचे असते, एवढे तरी त्याला कळले.

वेळ अजून गेलेली नाही. संहितेचा हा भाग 2019 साली लागू झाला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. बाकीच्यांना जुनेच कायदे आहेत. तो सर्वांना लावण्याआधी यादीतले शिक्षणकर्ज खोडा. भीतीच वाटत असेल तर पाच वर्षांची अट घाला. पण दार ठेवा.

भाऊबीज झाली की मी अण्णांकडे जाईन. मुलगा पाया पडेल. त्याला "यशस्वी हो" म्हणताना माझी जीभ अडखळेल. कारण ती सही मी करायला लावली. त्या सहीचे देणे माझ्याही खाती आहे, आणि मला त्यातून मोकळे करील असे कोर्ट कुठे नाही. निदान त्या पोराला तरी असावे.